भाग ३७ : ‘ॲव्हरेज किती देते?’ – हलक्या पायाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढून टाकलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

सुरुवात एका ओळखीच्या प्रसंगाने करू. गाडी पुण्याहून मुंबईकडे निघालीय. लोणावळा मागे पडलं, खंडाळ्याचा उतार सुरू झाला. आणि मागच्या सीटवरून काकांचा आवाज येतो, “अरे, न्यूट्रल कर ना! उतारच आहे. उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?”

हे काका प्रत्येक घरात असतात. कधी ते वडील असतात, कधी मामा, कधी गाडी शिकवणारे ड्रायव्हिंग स्कूलवाले. आपण एकतर त्यांचं ऐकतो, नाहीतर मनातल्या मनात हसतो.

पण काका चूक आहेत का? उत्तर जरा गमतीशीर आहे. पेट्रोलचा हिशोब पाहिला, तर काका ज्या गाडीवर शिकले त्या गाडीपुरते ते बरोबर होते. तुमच्या गाडीपुरते ते चूक आहेत. आणि घाटात तर ही चूक जिवावर बेतू शकते. एकच सल्ला बरोबरचा चूक कसा झाला, हे समजून घ्यायचं तर आपल्याला जवळजवळ ९० वर्षं मागे जावं लागेल.

पैज लागली!

१९३६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एक वेगळीच शर्यत सुरू झाली. लॉस एंजेलिसहून योसेमिटीपर्यंत गाड्या न्यायच्या. पण पहिला कोण पोचतो याला काही किंमत नाही. कमीत कमी पेट्रोलमध्ये कोण पोचतो, तो जिंकला! गिलमोर नावाच्या तेल कंपनीने ही शर्यत भरवली. पुढे ती ‘मोबिलगॅस इकॉनॉमी रन’ म्हणून गाजली आणि मधला महायुद्धाचा काळ सोडला तर १९६८ पर्यंत चालली.

तेल विकणारी कंपनी तेल वाचवायची शर्यत भरवते, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण यात जाहिरात होती. “आमचं पेट्रोल भरा, जास्त लांब जाल.” गाड्या बनवणाऱ्यांनाही आपली गाडी जिंकली की छापायला आकडा मिळायचा. म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते’ हा प्रश्न काही फक्त आपल्या मराठी कंजूषपणातून आलेला नाही, बरं का!

१९३९ साली दुसरी एक गोष्ट घडली. इलिनॉय राज्यातल्या वुड रिव्हर इथे शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मंडळींमध्ये पैज लागली, की एका गॅलनमध्ये कुणाची गाडी सगळ्यात लांब जाते. अमेरिकन गॅलन म्हणजे आपले साधारण पावणेचार लिटर. जिंकणाऱ्याने जवळपास ५० मैल काढले. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला २१ किलोमीटर! १९३९ साली!

ही पैज पुढे दरवर्षीची स्पर्धा झाली. १९७३ मध्ये एका १९५९ च्या ओपेल गाडीने एका गॅलनमध्ये ३७६ मैल काढले, म्हणजे लिटरला जवळजवळ १६०. अर्थात ती गाडी गाडी राहिलीच नव्हती. वजन उतरवलेलं, आतलं सगळं काढून टाकलेलं. त्या गाडीतून तुम्ही आजीला दवाखान्यात नेऊ शकला नसता. पण एक गोष्ट या स्पर्धांनी दाखवून दिली. गाडी किती पेट्रोल पिते हे जेवढं इंजिनवर असतं, तेवढंच चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर असतं.

पेट्रोल वाचवा, पण टायरसाठी

आता येतं दुसरं महायुद्ध. हळू चालवणं ही तोवर हौस होती, युद्धात ते कर्तव्य झालं.

१९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि आसपासचा प्रदेश घेतला. अमेरिकेला लागणारं जवळपास सगळं नैसर्गिक रबर तिकडून यायचं. ते बंद झालं. रबर नाही म्हणजे टायर नाहीत. टायर नाहीत म्हणजे लष्कराचे ट्रक उभे. मग लोकांनी टायर कमी झिजवावेत यासाठी काय करायचं? पेट्रोलचंच रेशनिंग करायचं! १ डिसेंबर १९४२ पासून ते अमेरिकाभर लागू झालं. आणि वेगाची मर्यादा ठरली ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर. तिला नाव दिलं होतं ‘विजयाचा वेग’.

त्या काळातलं एक सरकारी पोस्टर प्रसिद्ध आहे. गाडीत एक माणूस एकटाच बसलाय आणि त्याच्या शेजारी हिटलरची पुसटशी आकृती. मतलब असा, की एकटे गाडीतून फिरता म्हणजे हिटलरला लिफ्ट देता!

आपल्याकडेही युद्धकाळात पेट्रोलचं रेशनिंग होतं. कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या जायच्या, गाडीला भट्टी जोडून. घरात पणजोबा-पणजीच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या असतील तर त्यात ‘कोळशाची मोटार’ सापडेल. जरूर शोधा.

हा ५६ चा आकडा मात्र लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

१९७३ : जगाने ब्रेक दाबला

युद्ध संपलं, पेट्रोल स्वस्त झालं आणि हलका पाय सगळे विसरले. अमेरिकेत गाड्या लांबलचक झाल्या, इंजिनं प्रचंड झाली. तीस वर्षं मजा झाली.

मग ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. इस्राएलला मदत करणाऱ्या देशांना धडा शिकवायचा म्हणून अरब तेल उत्पादक देशांनी ऑक्टोबरमध्येच तेलाचा पुरवठा आवळला. त्याआधी पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी १९७४ मध्ये पावणेबारा डॉलरच्या आसपास गेलं. चौपट, तेही तीन-चार महिन्यांत.

पश्चिम जर्मनीने ऑटोबानवर, म्हणजे जिथे वेगाला मर्यादाच नव्हती तिथे, ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली. रविवारी गाड्या बंद. लोक मोकळ्या हायवेवर सायकली चालवत होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ ला कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. म्हणजे आपले ८९ किलोमीटर.

आता इथे जरा थांबू. या कायद्याचं पुढे जे झालं, ते फार शिकवून जाणारं आहे.

पेट्रोल किती वाचलं? दोन टक्क्यांहून थोडी जास्त बचत होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात एक टक्का किंवा त्याहूनही कमी झाली, असं नंतरचे अभ्यास सांगतात. कारण सोपं आहे. बहुतेक लोक बहुतेक वेळ तेवढ्या वेगाने जातच नव्हते, शहरात अडकलेले असायचे. आणि रिकाम्या हायवेवर जे जोरात जायचे, त्यांनी मर्यादा पाळलीच नाही.

सगळ्यात जास्त चिडले ट्रकवाले. त्यांना पैसे मैलांवर मिळायचे. वेग कमी म्हणजे दिवसाचे मैल कमी, म्हणजे कमाई कमी. वर डिझेल महाग. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी हायवे अडवले, फेब्रुवारीत संप केला. “पुढे पोलीस आहेत” हे एकमेकांना सांगायला त्यांनी रेडिओ वापरायला सुरुवात केली. समजा, त्या काळातला व्हॉट्सॲप ग्रुप!

पण एक आकडा मात्र कुणी विचारात घेतला नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४ हजारांच्या आसपास माणसं मेली होती. १९७४ मध्ये ४५ हजारांच्या आसपास. एका वर्षात जवळपास ९ हजार कमी. सगळं श्रेय वेगमर्यादेचं नाही, महागाईमुळे लोक फिरलेही कमी होते. तरी वेगाचा वाटा त्यात होताच. पेट्रोल वाचवायला काढलेल्या कायद्याने पेट्रोल थोडंच वाचवलं, पण माणसं वाचवली. ही गोष्ट आपण शेवटी परत आठवू.

बैलगाडीतून संसदेत

आता आपल्याकडे या. भारत तेव्हाही बरंचसं तेल बाहेरून आणत होता. सरकारने पेट्रोल आणि रॉकेलचे भाव वाढवले. त्याचा निषेध म्हणून १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल, इंधनाचे भाव वाढले की दरवेळी तो फिरायला लागतो.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने खोदलेल्या विहिरीत तेल लागलं. हेच आपलं बॉम्बे हाय. १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. केवढा आनंद झाला असेल! पण देशाची तहान भागण्याएवढं ते नव्हतं. म्हणून त्याच सुमारास सरकारने दुसरी बाजूही धरली. तेल शोधायचं, आणि आहे ते जपून वापरायला लोकांना शिकवायचं. १९७८ मध्ये ‘पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन’, म्हणजे पीसीआरए, ही संस्था उभी राहिली.

त्यांच्या जाहिराती ज्यांनी ऐकल्यात त्यांना सूचना पाठ असतील. सिग्नलला इंजिन बंद करा. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. आणि गाडी ताशी ४५ ते ५५ च्या वेगात चालवा.

पंचावन्न! आठवला ना ‘विजयाचा वेग’? हा योगायोग नाही. या वेगाला गाडी वरच्या गिअरमध्ये आरामात चालते, इंजिन कमी फिरतं आणि हवेचा अडथळा अजून बेताचा असतो.

हवेचं गणित भारी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. ८० वरून १०० वर गेलात, तर वेग वाढतो फक्त पंचवीस टक्के, पण हवेचा अडथळा वाढतो छप्पन टक्क्यांनी. एक्सप्रेसवेवर गाडी अचानक जास्त का पिते, त्याचं हे उत्तर.

‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. सीडी १०० ची जाहिरात म्हणायची, टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. घरातल्या मोठ्यांना विचारा, ती ओळ त्यांना इंग्रजीत पाठ असेल.

गंमत बघा. इकडे सरकार सांगतंय विसरू नका, हळू चालवा, जपून वापरा. तिकडे कंपनी सांगतेय विसरा, आमची गाडी बघून घेईल. जिंकलं कोण, हे सांगायला नको. ॲव्हरेज ही चालवण्याची गोष्ट राहिली नाही, विकत घेण्याची झाली. आपण शोरूममध्ये “कितना देती है” विचारतो. पण ‘मी किती काढतो’ हे कुणी विचारत नाही.

आता परत घाटात

काकांची वेळ झाली. काकांची गाडी धरू प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सगळ्यांना ओळखीची.

या गाडीला कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारी साधी व्यवस्था. इंजिन फिरतंय म्हणजे हवा ओढली जाणार, हवेबरोबर पेट्रोलही ओढलं जाणार. तुम्ही उतारावर आहात, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, हे त्याला कळत नाही. गिअरमध्ये उतरलात तर चाकं इंजिनला जोरात फिरवतात आणि ते पेट्रोल ओढत राहतं. न्यूट्रल केलं तर इंजिन संथ होतं, कमी पितं. त्यामुळे पेट्रोलपुरते काका बरोबर होते.

मग साधारण २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोल किती सोडायचं हे छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही गिअरमध्ये आहात, ॲक्सिलरेटर सोडलाय आणि इंजिन पुरेसं फिरतंय, हे त्याने ओळखलं की तो पेट्रोल बंदच करतो. पूर्ण शून्य! चाकंच इंजिनला फिरवत ठेवतात. आणि न्यूट्रल केलं तर? इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे लांब, तीव्र उतारावर आज गिअरमध्ये पेट्रोल लागत नाही आणि न्यूट्रलमध्ये लागतं. काकांचा सल्ला बरोबर उलटा झाला!

बाईकवाल्यांनो, तुमच्याकडे हा बदल १ एप्रिल २०२० च्या आसपास झाला, बीएस-६ आलं तेव्हा. दादाची जुनी बाईक कार्ब्युरेटरची, तुमची इंजेक्शनची. दोघांचे नियम वेगळे.

तुमच्या गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा डिस्प्ले असेल तर शेजारी बसून बघा. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की आकडा एकदम टोकाला जातो.

पण पेट्रोलचा हिशोब सोडा. न्यूट्रलमध्ये इंजिनची रोखून धरण्याची ताकद जाते. सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते, आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बोरघाटात उतारावर ट्रकचे ब्रेक लागले नाहीत आणि तो पुढच्या गाड्यांवर गेला, ही बातमी आपण वारंवार वाचतो. त्यातल्या अनेक बातम्यांमध्ये ‘न्यूट्रल’ हा शब्द असतो.

आपण लगेच ड्रायव्हरला शिव्या देतो. पण अनेक ठिकाणी हिशोब असा असतो, की मालक एका फेरीचं डिझेल ठरवून देतो. त्यातून वाचलं ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर तेही ड्रायव्हरच्या खिशातून. १९७४ च्या अमेरिकन ट्रकवाल्यांसारखंच हे आहे. काटकसरीचा उपदेश सगळ्यांना, पण तिची किंमत मोजतो तो ज्याच्याकडे मोजायला सगळ्यात कमी असतं. आणि दुःखाची गोष्ट ही, की चालत्या डिझेल ट्रकलाही गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना जवळपास डिझेल लागत नाही. तीव्र घाटात तो जीव धोक्यात घालतो आणि हाती काहीच लागत नाही. हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

अति तिथे माती

हलक्या पायाचा अतिरेकही होऊन गेलाय. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं. अमेरिकेत ‘हायपरमायलिंग’ नावाचा छंद फोफावला. हा शब्द वेन गर्डीस या माणसाने रूढ केला आणि २००८ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्यातल्या काही युक्त्या उत्तम होत्या, लांबवर बघून चालवणं वगैरे. पण काही जण ट्रकच्या अगदी मागे चिकटून जायचे, हवा अडते म्हणून. त्याला साध्या मराठीत आत्महत्या म्हणतात.

मग आपण काय घ्यायचं?

एक छोटा हिशोब करू. हजार किलोची गाडी ताशी ६० ने चाललीय. पुढे लाल सिग्नल दिसतोय, तरी तुम्ही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरलात आणि कचकन ब्रेक मारला. त्या वेगात साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली. ती परत मिळवायला साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल लागतं. तीन-साडेतीन चहाचे चमचे. एका ब्रेकला! दिवसाला असे तीस ब्रेक मारलेत, तर अर्धा लिटर पेट्रोल तुम्ही ब्रेक गरम करायला वापरलं.

म्हणून खरी युक्ती एकच आहे, पुढे बघा. सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढा, गाडी गिअरमध्ये येऊ द्या, कदाचित पोचेपर्यंत हिरवा होईल. निघताना असं निघा, जणू आजी मागे ताकाचं भांडं मांडीवर धरून बसलीय. सिग्नलच्या घड्याळात वीस-तीस सेकंद दिसत असतील तर इंजिन बंद करा. महिन्यातून एकदा हवा तपासा. आणि घाट ज्या गिअरने चढला असता, साधारण त्याच गिअरने उतरा.

शेवटी ते १९७४ चं वर्ष आठवू. नव्वद वर्षांत हलका पाय दरवेळी कुणीतरी वरून मागितला. युद्ध आलं म्हणून, तेल अडलं म्हणून, भाव भडकला म्हणून. संकट टळलं की सगळे विसरले. आजही आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरूनच आणतो, तेव्हा पुढचं संकट येणार हे नक्की. पण पेट्रोलचे वाचलेले चमचे हा या सवयीचा छोटा फायदा आहे. जो लांबवर बघून, अंतर ठेवून, घाई न करता चालवतो, त्याच्यासमोर अचानक पोरगं धावत आलं तर त्याची गाडी थांबते. मोठा फायदा हा आहे.

तर पुढच्या वेळी घाटात काका “न्यूट्रल कर” म्हणाले, तर त्यांच्याशी भांडू नका. सांगा, “काका, तुमच्या पद्मिनीला ते ठीक होतं, हिला गिअरच आवडतो.” आणि डिस्प्ले दाखवा. काकांना आकडे पटतात.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, गाडी चालवताना हा भाग ऐकत असाल, तर आवाज जरा कमी करा आणि पुढे बघा!